टोकणं

बुलबुलने केसांवर पाणी मारलं, कंगव्याने भांग पाडला, मागचे केस वर उचलून चिमट्यात अडकवले आणि गळका नळ दुरुस्त झाल्याची बातमी द्यावी इतक्या सहज म्हणाली, "आमचे ड्रायव्हरसाहेब आता देवदूत झालेत हं. मला काही काळजी नाही."

आरशात मास्तरणीच्या भुवया वर गेल्या. म्हणजे तिने त्या वर नेल्या नाहीत, त्या आपल्या आपण गेल्या. ओठ मिटले, उजवा कोपरा जरा आत ओढला गेला, हनुवटी पुढे आली. गळ्यापासून खाली सगळं अंग त्या निळ्या प्लास्टिकच्या कापडाखाली झाकलेलं, त्यामुळे आरशात नुसता चेहराच उरला होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता. फक्त तो तिचा नव्हता, तिच्या वडिलांचा होता. समोरचा माणूस काहीतरी चुकीचं बोलला आणि ते आता त्याला टोकणार, त्याच्या अगदी आधीच्या क्षणाचा. लहानपणी जेवणाच्या टेबलावर तो चेहरा दिसला की ती घास तोंडातच धरून ठेवायची. आज तो तिच्या खांद्यावर येऊन बसला होता, केसांना चिमटे लावून. जिभेच्या टोकावर वाक्य तयार होतं, स्वच्छ, इस्त्री केलेलं: माणसं मेल्यावर देवदूत होत नाहीत, ते वेगळे निर्माण केलेले आहेत, आपण वेगळे. गेल्याच महिन्यात तिने हेच वाक्य चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना सांगितलं होतं आणि एका मुलीने विचारलं होतं, मग कुत्रे काय होतात? त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. बुलबुलसाठी होतं. तिने ते गिळलं. गिळताना घशाचा आवाज झाला, असं तिला वाटलं. बुलबुलची कात्री थांबली नाही. "कानाच्या खाली ठेवू की वर घेऊ?" तिने विचारलं. "खाली," मास्तरीण म्हणाली.

मास्तरीण हे काही तिचं काम नव्हतं. कुठल्याही शाळेत तिने कधी शिकवलं नाही. आठवडाभर ती ऐकू न येणाऱ्या लोकांचे कान तपासून त्यांना यंत्रं बसवायची, आणि फक्त रविवारी उपासनेच्या आधी मुलांचा वर्ग घ्यायची. पण तेवढ्यावरून सगळी मंडळी तिला मास्तरीण म्हणत, आणि आता त्या नावाशिवाय तिला कुणी हाक मारली तर ती वळूनही पाहायची नाही. बुलबुलचंही तसंच. लहानपणी डोक्यावर केसांचा तुरा उभा राहायचा, कितीही तेल लावा, म्हणून बुलबुल. पुढे तिने केसांचंच दुकान काढलं. दोघी एकाच वर्गात एका बाकावर बसलेल्या, चर्चच्या एकाच पाळकांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिलेला. बुलबुलचा नवरा शहराची बस चालवायचा. तो गेला त्याला आता वर्ष होत आलं होतं.

दुकानातून परत आपल्या कामावर जाताना तिला मान मोकळी वाटत होती, वारा लागत होता, पण आत ते वाक्य तसंच अडकून होतं. तिला स्वतःचं नवल वाटत होतं. राग नव्हता आला. बुलबुलला कमी लेखावं असंही नव्हतं. मग हे काय होतं जे एवढं चटकन वर आलं? दुसऱ्याच्या सदऱ्याचं बटण उघडं दिसलं की हात आपसूक पुढे होतो, तसं काहीतरी. पण दुसऱ्याच्या सदऱ्याला हात लावायची परवानगी लागते, एवढं तर कुणालाही कळतं. आणि बटण खरंच उघडं असेल, आणि समोरचा माणूस तसाच भर रस्त्यात चालला असेल, तर बघून न बघितल्यासारखं करणारी मैत्रीण कसली? हा विचार तिला पटला, म्हणून ती थबकली, आणि मग पहिला विचारही पटला. दोन्ही पटलेले विचार घेऊन ती जिना चढली.

वर एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन बसली होती. "मला ऐकू येतं," सासरे आत येता येताच म्हणाले. "लोकच हल्ली पुटपुटतात." मास्तरीण हसली नाही. तिच्या धंद्यात 'तुम्हाला ऐकू येत नाही' हे वाक्य वर्ज्य होतं. तिने त्यांना बंद खोलीत बसवलं, कानांवर ते जाड हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. काचेपलीकडे म्हातारा लक्ष देऊन बसला होता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा, आणि बरेच आवाज त्याच्या कानाजवळून निघून जात होते, त्याला पत्ता नव्हता. मधेच त्याने उगाच बटण दाबलं, आवाज नसताना, कारण बराच वेळ काही आलं नाही म्हणजे आपलंच काही चुकतंय असं त्याला वाटलं असावं. असं पुष्कळ लोक करतात. एरवी तिला त्याचं काही वाटत नसे. आज ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. नंतर तिने त्यांच्या कानात एक लहानसं यंत्र बसवलं आणि म्हणाली, "आता कसं वाटतंय?" म्हाताऱ्याने खिडकीकडे पाहिलं. "खाली कुणीतरी भांडतंय," तो म्हणाला, आणि खूश झाला. इथे सोपं आहे, तिच्या मनात आलं. इथे आलेख निघतो, यंत्र आहे, आणि खाली खरोखरच कुणीतरी भांडत असतं. बुलबुलच्या देवदूताचं काय? तो आहे की नाही हे कुठल्या खोलीत बसवून तपासायचं? तिला धर्मशास्त्र माहीत होतं, हे खरं. पण शास्त्रात जे आहे ते बुलबुलच्या कानात कसं बसवायचं, आणि बसवावं का, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वडिलांनी तर नाहीच.

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना चुकीची वेळ सहन व्हायची नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरचं घड्याळ पुढेमागे असेल तर खुर्चीवर चढून ते लावायचे, मग पाणी प्यायचे. माणसांचंही तेच. भर उपासनेत कुणी गाण्याचा शब्द चुकीचा म्हटला की पुढच्या ओळीला त्यांचा आवाज चढायचा, बरोबर शब्दावर. कुणी म्हणालं, आपल्या नशिबात होतं, की ते म्हणायचे, नशीब असं काही नसतं. कुणी म्हणालं, देव परीक्षा घेतोय, की ते विचारायचे, कशावरून? आणि ते बरोबर असायचे. हीच तर अडचण होती. एखादा माणूस चुकीचं बोलून दुखावतो तेव्हा त्याच्यावर रागावता तरी येतं. वडील बरोबर बोलायचे आणि घराघरांतून दारं हळूहळू अर्धीच उघडायला लागायची. मग आई निघायची. सूपचं भांडं फडक्यात बांधून, ज्या घरात वडील टोकून आले असतील त्या घरी. लहान असताना मास्तरणीला वाटायचं, हे दोघांचं ठरलेलं काम आहे. बाबा पुढे जाऊन पाडतात, आई मागून जाऊन उचलते.

आई आता तिच्याजवळच राहत होती, आणि तिला ऐकायला कमी यायचं. लेकीचा धंदाच कानांचा, पण आई यंत्र लावू देत नव्हती. "ऐकायचं ते ऐकून झालंय," म्हणायची. त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट बोलायची तर ओरडून बोलावी लागायची आणि ती शेजाऱ्यांना आधी कळायची. त्या संध्याकाळी मास्तरणीने भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं.

"कोण झालाय?" आईने विचारलं.

"देवदूत!"

"दूध उतू?"

"देवदूत, आई! बुलबुलचा नवरा! ती म्हणते, देवदूत झाला!"

भिंतीपलीकडे कुणाचातरी रेडिओ बारीक झाला. आईने मान हलवली, दोनतीन वेळा, जणू ही बातमी तिला पटण्यासारखी होती. "चांगला माणूस होता," ती म्हणाली. "बसमध्ये मला पाहिलं की मी बसेपर्यंत बस हलवायचा नाही."

"पण आई, ते बरोबर नाहीये ना! माणसं देवदूत होत नाहीत!"

"मग तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही!"

"अगंबाई," आई म्हणाली, आणि तिने लेकीकडे नीट पाहिलं. त्यात कौतुक होतं की काळजी, कळलं नाही. मग ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली, आणि कुणी विचारलं नसताना बोलायला लागली. पलीकडच्या गल्लीतली ती बाई तुला आठवते का, जिचं लहान मूल गेलं? मास्तरणीला आठवत होती. सगळ्यांनाच आठवत होती. ती बाई म्हणाली होती, देवाला फूल हवं होतं, त्याने माझं खुडलं. आणि सगळे माना खाली घालून बसलेले असताना वडील म्हणाले होते, देव फुलं खुडत नाही. एवढंच. आणि उठून निघून गेले होते. मास्तरणीच्या डोक्यात ती गोष्ट वडिलांच्या सगळ्या टोकण्यांमधली सगळ्यात वाईट म्हणून बसली होती. त्या खोलीतली शांतता तिला अजून ऐकू यायची.

"ती मला पुष्कळ दिवसांनी म्हणाली," आई म्हणाली, "तुमचे साहेब बोलले ते बरं झालं. नाहीतर मी जन्मभर देवाच्या हातात कात्री बघत राहिले असते."

मास्तरणीने सुरी खाली ठेवली. "हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"काय?"

"हे मला कधीच सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस?" आई म्हणाली. "बोलणं नाही गं चुकलं त्यांचं. उठणं चुकलं. ते बोलायचे आणि उठायचे. बोलायच्या आधी विचारायचं नाही, बोलून झाल्यावर बसायचं नाही. मी आपली जाऊन बसायचे, दुसरं काही नाही. सूप कुणाला हवं होतं?"

ते ऐकून मास्तरणीला जे वाटलं त्याला तिला नाव देता येईना. इतकी वर्षं तिने एक हिशोब मनाशी पक्का धरला होता, की बाबा बोलायचे म्हणून दुखवायचे, आई बोलायची नाही म्हणून बरं करायची, आणि आपण दोघांच्या मधे कुठेतरी, बोलावंसं वाटतं तेव्हा गिळायचं. आता तो पक्का हिशोब जरा हलला होता. म्हणजे त्या बाईच्या मनात एक भयंकर देव होता आणि बाबांनी तो काढला. कुणीतरी काढायलाच हवा होता. बाकीचे माना खाली घालून बसले होते ते मायेपोटी की भीतीपोटी? आणि मी आज गप्प बसले ते कशापोटी? तिला बुलबुलचा देवदूत पुन्हा दिसायला लागला, पण आता चूक म्हणून नाही. आता तिला तो खरोखरच बघायचा होता. कसा आहे तो? केवढा आहे? बुलबुल त्याचं काय करते? त्याला पंख आहेत का, आणि तो जाडा माणूस, मिशीवाला, पंखांत कसा दिसतो? एवढ्या वर्षांची मैत्रीण, आणि तिच्या मनात देव कसा आहे, मेलेली माणसं कुठे आहेत, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. ती फक्त ऐकायची, आणि चुकलं की तिच्या आत कुठेतरी टिचकी वाजायची. ते ऐकणं नव्हतंच.

पुढच्या सुटीच्या दिवशी दुपारी ती बुलबुलच्या घरी गेली. बुलबुलच्या घराला दुकानाचाच वास यायचा, शाम्पूचा आणि गरम ओल्या कापडाचा. दुकानातले टॉवेल धुऊन ती घरी आणून वाळवायची. दोऱ्यांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, दाराच्या कडीवर टॉवेल लोंबत होते. बुलबुलने एका खुर्चीवरचे उचलून तिला जागा करून दिली, चहा ठेवला, आणि उभ्या उभ्या घड्या घालायला लागली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मास्तरीण म्हणाली, "तू परवा म्हणालीस ना, देवदूत झालेत म्हणून. कसे गं? म्हणजे कसे दिसतात?"

बुलबुलचा हात थांबला. "का? चुकीचं आहे ना ते?"

"असू दे. मला ऐकायचंय."

"तुझं तोंड तेव्हाच तसं झालं होतं. मी आरशात बघितलं." बुलबुल हसली, पण जपून. "मी मुद्दाम कात्री थांबवली नाही. म्हटलं, आता बोलते की मग बोलते."

"नाही बोलले."

"हो. तेच मला नवल वाटलं. घरी येऊन विचार केला, बरी नाही की काय ही?"

मग ती खाली बसली, मांडीवर टॉवेल घेऊन. देवदूत कसा दिसतो ते तिला सांगता येत होतं, अगदी लगेच, जणू कुणी विचारायचीच ती वाट बघत होती. चर्चमध्ये डाव्या हाताच्या खिडकीत रंगीत काचेचा आहे ना, तसा. लांब झगा, पार खालपर्यंत. "त्याचे पाय दिसतात का तुला?" बुलबुलने विचारलं. मास्तरणीने आठवून पाहिलं. जन्मभर त्या खिडकीखाली बसलेली ती, पण तिला आठवेना. "नाहीत दिसत," बुलबुल म्हणाली. "झगा संपतो आणि ढगच सुरू होतो. मी पुष्कळ बघितलंय. पाय नाहीतच त्याला. लागतच नाहीत. पंख असल्यावर पाय कशाला?"

आणि आता मास्तरणीला ड्रायव्हरसाहेबांचा पाय आठवला. साखरेचा आजार. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याच्या खालून उजवा पाय कापला. सगळ्यांना माहीत होतं, सगळे भेटायला गेले होते. तो बसची चावी कामावर परत देऊन आला त्या दिवशी बुलबुलने दुकान बंद ठेवलं होतं.

"तू आली होतीस ना इस्पितळात," बुलबुल म्हणाली. "मी त्यांना समजावत होते, जाऊ दे हो, शरीराचं काय घेऊन बसलात, शेवटी आत्मा तेवढा वर जायचा. आणि तू म्हणालीस, तसं नाही. म्हणालीस, शरीर टाकाऊ नसतं, हेच शरीर एक दिवस उठवलं जाणार आहे, असा आपला विश्वास आहे. आठवतं?"

तिला आठवत होतं. चांगलं आठवत होतं, कारण त्या दिवशी घरी येताना तिला स्वतःविषयी बरं वाटलं होतं. नेमकं बोलल्याचं समाधान. वडिलांसारखं रूक्ष नाही, हळू आवाजात, त्या माणसाच्या शरीराचा मान राखून. तो खिडकीकडे बघत होता, आणि तिने मनात म्हटलं होतं, विचार करतोय. मग भेटीची वेळ संपली आणि ती उठली.

"तू गेल्यावर ते म्हणाले, हेच शरीर म्हणजे वर गेल्यावर पण कुबड्या आल्याच की! हसले. मी पण हसले. पण मग ते डोक्यात बसलं त्यांच्या. रोज विचारायचे, पाय कुठे नेला? नर्सला विचारलं, झाडूवाल्याला विचारलं. कोण सांगणार? जाळून टाकत असतील, पुरत असतील, मला काय ठाऊक. ते म्हणायचे, बाकीचं एका ठिकाणी पुरणार आणि पाय कुठे असेल कुणास ठाऊक. उठायच्या वेळेला मी शोधत फिरू का?" बुलबुलने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "म्हणून मी त्यांना खिडकीतला दाखवला. म्हटलं, तुम्ही तसे होणार. त्यांना पाय लागतच नाहीत. मग म्हणाले, बरं. मग नाही विचारलं परत."

चहा उतू गेला तेव्हा बुलबुलने बसल्या जागेवरून हात लांबवून शेगडी बंद केली. दोघींपैकी कुणी उठलं नाही. मास्तरीण विचार करत होती, तिला ते सगळं एकदम दिसत होतं. बुलबुलचा देवदूत अज्ञानातून आलेला नव्हता. तो म्हणजे मास्तरणीच्याच बरोबर वाक्यावर मारलेलं ठिगळ होतं. तिने एक खरी गोष्ट अर्धी सांगून त्या खोलीतून पाय काढला होता, आणि मागे राहिलेल्या दोघांनी त्या अर्ध्या खऱ्याने जखम होऊ नये म्हणून आपल्या परीने काहीतरी शिवलं होतं, काचेच्या तुकड्यांचं, निळ्या-पिवळ्या रंगांचं. आता ते उसवायचं? न उसवताही चालण्यासारखं होतं. तो माणूस तर 'बरं' म्हणून गेला होता. पण बुलबुल तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात विचारणं होतं. खरंखुरं, पहिल्यांदाच.

"पूर्ण उठणार," मास्तरीण म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा बारीक निघाला. "हेच शरीर, पण पूर्ण. तुटलेलं नाही. दुखणं नाही, आजार नाही. असं आपण मानतो. हे एवढं मात्र मी तेव्हा बोलले नाही."

"पाय?"

"पायही."

"कुठून आणणार? तो पाय तर..."

"ते मला माहीत नाही."

बुलबुलने मान तिरकी केली. "तुला माहीत नाही?"

"नाही. कसं, कुठून, काही माहीत नाही. पण देवाला पाय शोधावा लागणार नाही, एवढं वाटतं."

"आणि पंख?"

"पंख नाहीत, बुलबुल. ते देवदूतांचे. माणसं माणसंच राहतात."

बुलबुलने पुढचा टॉवेल घेतला, त्याची घडी घातली, आणखी एक घेतला. मग एकाएकी तो तिने जमिनीवर टाकला. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?" तिचा आवाज फाटला. "पंख घेऊन काय करणार होते ते? ड्रायव्हर माणूस! उजवा पाय होता तो. ब्रेकवरचा पाय. झोपेत दाबायचे, माहिती आहे? नसलेला पाय झोपेत दाबायचे आणि दचकून उठायचे. त्यांना पाय हवा होता. मी पंख दिले कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तुझ्याकडे होतं आणि तू ते तसंच घेऊन घरी गेलीस!"

"मला कुणी विचारलं नाही..." मास्तरीण म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं, हे किती केविलवाणं आहे.

"तू विचारू देतेस? तू ऐकत असतेस तेव्हा तुझं तोंड कसं असतं ठाऊक आहे? पेपर तपासत असल्यासारखं. माणूस बोलायच्या आधी शंभरदा विचार करतो, चुकलं तर? ते म्हणाले होते मला, मास्तरणीला विचार ना पायाचं. मी म्हटलं, नको, हसेल." बुलबुलने डोळे टॉवेलनेच पुसले. "जा तू आता. जा."

मास्तरीण उठली नाही. उठावंसं फार वाटलं, पाय दाराकडे वळलेही होते. बुलबुल आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. खुर्च्यांच्या पाठींवर टॉवेल लोंबत होते. खालून कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, जागेत बसत नव्हती. ती बसून राहिली. प्रार्थनाही सुचेना. तिला वाटत होतं, आपण आईसारखं बसलो आहोत का? नाही, आईला कळायचं कसं बसायचं. आपण फक्त उठत नाही आहोत. आपण दोन्ही केलं, टोकलंही आणि गप्पही बसलो, आणि दोन्ही चुकलं. मग बरोबर काय होतं? तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. रडू येत होतं, पण त्याच्या आत कुठेतरी एक मुलगी बाकावर पुढे सरकून बसली होती आणि हात वर करून विचारत होती. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी. आतलं दार उघडलं. बुलबुलने दिवा लावला आणि दचकली.

"अजून आहेस?"

"आहे."

बुलबुलने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. "मग घड्या तरी घाल," ती म्हणाली आणि शेगडी पुसायला गेली. मास्तरणीने सगळ्या घड्या घातल्या. तिला ते नीट येत नव्हतं, कडा जुळत नव्हत्या.

त्यानंतर पुष्कळ रविवार बुलबुल चर्चला आली नाही. मास्तरणीचे केस वाढले, कानावर आले, पण दुसरीकडे कुठे जाऊन कापून घ्यावेत असं तिला वाटलं नाही, आणि बुलबुलकडे जायचं धाडसही झालं नाही. मुलांच्या वर्गात तिने एक दिवस शिकवणं थांबवून विचारलं, "मेल्यावर काय होतं, असं तुम्हाला वाटतं?" आणि त्यांनी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. एक म्हणाला, झोपतात. एक म्हणाली, देवाच्या घरी जातात पण आधी चप्पल काढावी लागते. एकाने सांगितलं की त्याची आजी आता झाड आहे. तिचं तोंड आधीसारखं व्हायला बघत होतं, तिला ते जाणवत होतं, पण ती एकेकाला पुढे विचारत गेली, कसलं झाड? आणि तुला कसं कळलं? वर्ग संपला तेव्हा तिने दोन वाक्यंच सांगितली होती आणि मुलं उठायला तयार नव्हती. घरी येऊन तिने आईला हे ओरडून सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "कसलं झाड होतं मग?"

आणि मग एका रविवारी उपासना सुरू झाल्यावर कुणीतरी बाकाच्या टोकाकडून सरकत सरकत तिच्या शेजारी येऊन बसलं, आणि शाम्पूचा वास आला. मास्तरणीने वळून पाहिलं नाही. पाळक पुढे उभे राहून सूचना देत होते. छताचं काम, गायनाचा सराव, कुणाचीतरी हरवलेली छत्री. बुलबुल समोर बघत राहिली, आणि ओठ न हलवता, लहानपणी वर्गात बोलायच्या तसं बोलली.

"केस काय वाढवलेस गं? झाडूसारखे."

"तू नव्हतीस."

"दुकान उघडं होतं." पाळक छत्रीचा रंग सांगत होते. "मी गेले होते काल. कबरीवर. त्यांना सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"पायाचं. म्हटलं, मिळणार आहे परत. उजवाच. माझं ऐकून पंखांची आशा लावून बसू नका, मास्तरणीने नीट सांगितलंय, फक्त उशिरा." बुलबुलने नाक ओढलं. "बराच वेळ बसले. सगळं सांगितलं. कुठून आणणार ते तिलाही माहीत नाही, हे पण सांगितलं."

मास्तरणीच्या मनात लगेच वाक्य तयार झालं. मेलेल्यांशी आपण असं बोलत नाही, जे बोलायचं ते देवाशी बोलायचं. बरोबर वाक्य होतं. तिने ते पाहिलं, ओळखलं, आणि बाजूला ठेवलं, टाकून दिलं नाही. कारण तिला त्याहून दुसरंच काहीतरी हवं होतं, अगदी मनापासून, घाईने. त्या मिशीवाल्या जाड्या माणसाला, ज्याने तिची आई बसेपर्यंत कधी बस हलवली नाही, त्याला पाय परत मिळणार हे ऐकून काय वाटलं असेल, हे तिला जाणून घ्यायचं होतं. ती बुलबुलकडे वळली, पूर्ण वळली, आणि तिने विचारलं, "मग? काय म्हणाले?"

बुलबुलने तिच्याकडे पाहिलं. बघतच राहिली. ही थट्टा करतेय की काय ते तिने आधी नीट तपासून घेतलं, आणि थट्टा नव्हती.

"काय म्हणणार?" ती कुजबुजली. "मेलेलं माणूस बोलतं का कुठे? एवढी वर्षं मुलांना शिकवतेस आणि एवढं ठाऊक नाही तुला?"

मास्तरणीने तोंडावर रुमाल धरला, पण उशीर झाला होता. आवाज नाकातून निघाला, आणि बुलबुलने तिच्या मांडीवर चापट मारली आणि तीही हसत सुटली. पुढच्या बाकावरच्या दोनतीन बायका वळल्या. कुणीतरी शू केलं. बाक कुरकुरायला लागला, दोघींचे डोळे वाहत होते आणि दोघींना थांबता येत नव्हतं, एक जरा थांबली की दुसरीचं तोंड बघून पुन्हा सुरू. पाळकांनी सूचना आवरत्या घेतल्या आणि पेटीवाल्याला खूण केली. सगळी मंडळी गाण्यासाठी उभी राहिली. त्या दोघींना उभं राहायला जरा वेळ लागला.